आई-बाबा, नोकरी सोडली आहे, आधी पूर्ण वाचा

ती. आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहितेय. मी राजीनामा दिलाय. 30 तारखेला शेवटचा दिवस. आता पूर्णवेळ वाकळा, आपल्या गोधड्याच, शिवणार, घरातूनच.

लगेच जीवाला लावून घेऊ नका. घराचा हप्ता अमितच्या पगारातून जातो, सहा महिन्यांचा खर्च मी बाजूला काढलाय, तुमचा मेडिक्लेमही भरून झालाय. आई, माझ्या शिक्षणासाठी पाटल्या मोडल्यास ते मी विसरलेले नाही गं. त्या शिक्षणामुळेच आज हिशोब मांडता येतोय, वाया गेलं असं मनातसुद्धा आणू नकोस.

चार वर्षं मी वाकळ 1500 ला देत होते आणि खूश होते. मग एकदा तास लिहून ठेवले, तर पाच बाय सातच्या वाकळेला 60 तास, दोरा-अस्तराचे 300 वजा केले की तासाला 20 रुपये! आता 6500 घेते, निम्मे ॲडव्हान्स, तरी चार महिन्यांच्या ऑर्डर आहेत. महिन्याला तीनच होतात, पगाराएवढे पैसे नाहीत सुटत, ते लपवत नाही. आधार-पॅनवर उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केलं, फुकट असतं, करंट खातं वेगळं काढलं. मध्ये एकीनं वाकळेसाठी दिलेल्या तिच्या आईच्या साडीचा लाल रंग अस्तरावर उतरला, पैसे परत दिले पण ती साडी कुठून परत देणार, मला दोन रात्री झोप नव्हती. आता प्रत्येक साडी आधी भिजवून बघते.

बाबा, इचलकरंजीत तुम्ही पाळी बदलायच्या आधी दहा मिनिटं यंत्रमागापाशी जाऊन उभे राहायचात ना, तसंच मीपण करते. दहाला बसायचं, सहाला उठायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

आणि आजीची आठवण रोज येते. अंगणात वाकळ पसरलेली, मी मधोमध लोळतेय, आजी कडेनं धावदोरा घालत गोल गोल आत यायची, "सरक गं बाळा" म्हणत, शेवटी मला उठावंच लागायचं. शेवटचा कोपरा बंद करताना ती चपातीचा तुकडा ठेवायची, वाकळ उपाशी नको म्हणून. विकायच्या वाकळेत चपाती कशी घालणार, मुंग्या लागतील, मी तिच्या लुगड्याची चिंधी ठेवते.

आई, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर वगैरे चालणार नाही, याच महिन्यात. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत सुई हातात धरायची नाही, माझ्या मदतीसाठी तर अजिबात नाही. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि लोणचं बंद म्हणजे बंद.

रविवारी येतेय, काय रागवायचं ते तेव्हा रागवा. चिंध्या संपत आल्यात, माळ्यावरची आजीची ट्रंक उघडायचीय, पण ती मी आल्यावर काढू, बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस.

तुमची,
ताई