खुर्ची कोणाची, आकडे कोणाचे

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, हुकूमशहा वेडे नसतात. त्यांना खुर्ची टिकवायची असते, त्यामुळे स्वतःच्याच पायावर धोंडा पडेल असं ते काही करत नाहीत." पहिलं वाक्य मला पटलं. दुसरं काही डोक्यातून जाईना. तुझ्या प्रबंधात ते तसंच राहू नये, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे ठरव की खुर्ची कोणाची. देशाची, पक्षाची की त्या एका माणसाची? स्टालिनने १९३७ ते ३९ या काळात आपल्याच सैन्याचे पाचपैकी तीन मार्शल संपवले. देशाच्या दृष्टीने तो आत्मघात होता. १९४१ मध्ये जर्मन फौजा घुसल्या तेव्हा अनुभवी सेनानींची उणीव फार महागात पडली. पण स्टालिनला आव्हान देऊ शकेल असा सेनापती मात्र उरला नाही, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत सत्ता त्याच्याच हातात राहिली. तेव्हा सरकार हिशेबाने वागतं का, असं विचारलंस तर मी आधी विचारेन, कोणाच्या हिशेबाने?

खरी गोम मला पुढे दिसते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी अकाउंट्सला होते, तेव्हा महिनाअखेरीस शॉपफ्लोअरवरून स्टॉक स्टेटमेंट यायचं. त्यात रिजेक्ट झालेला माल सर्रास 'इन प्रोसेस'च्या रकान्यात घातलेला असायचा. रिजेक्शन वाढलेलं दिसलं की सुपरवायझरचं इन्क्रिमेंट अडकायचं ना! वर जाता जाता प्रत्येक जण आकडा थोडा गोंडस करायचा आणि साहेब त्यावरून पुढच्या महिन्याचं उत्पादन ठरवायचे. तिथे निदान वर्षातून एकदा ऑडिटर यायचा आणि गोदामात जाऊन पेट्या उघडायला लावायचा.

चीनमध्ये १९५८ साली हेच झालं, देशाच्या पातळीवर. माओने 'मोठी झेप' ही उत्पादन झपाट्याने वाढवण्याची मोहीम जाहीर केली आणि गावोगावचे कार्यकर्ते अचाट पिकांचे आकडे वर पाठवू लागले. सरकारने त्या आकड्यांच्या हिशेबाने धान्य उचललं. जे पिकलंच नव्हतं त्याचाही वाटा नेला, म्हणजे लोकांच्या ताटातलंच नेलं. संरक्षणमंत्री पेंग दहुआई स्वतः गावांमधून फिरून आले होते. जुलै १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत त्यांनी माओला पत्र लिहून परिस्थिती कळवली. माओने त्यांनाच पदावरून काढलं आणि मोहीम आणखी रेटली. त्या दुष्काळात किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. आकडा लिहितानाही हात थांबतो गं. आता तुझा प्रश्न इथे लावून बघ. खुर्चीच्या दृष्टीने पेंगना काढणं चूक नव्हतं, माओ १९७६ पर्यंत सत्तेवर राहिलाच. पण त्या दिवसापासून खरं सांगायला कोण धजणार? ज्या कृतीने खुर्ची वाचली, तिनेच खुर्चीवरच्या माणसाचे डोळे काढून घेतले.

माओइतकं नशीब सगळ्यांचं नसतं. पाकिस्तानच्या लष्करशहाचं, याह्याखानाचं बघ. डिसेंबर १९७० मध्ये त्याने निवडणूक घेतली, कारण त्याच्या गुप्तचरांचा अंदाज होता की कोणालाच बहुमत मिळणार नाही आणि दोऱ्या लष्कराच्याच हातात राहतील. म्हणजे हिशेब पक्का केला होता. प्रत्यक्षात अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा घेतल्या. जेमतेम महिन्याभरापूर्वीच्या चक्रीवादळात तिथे लाखो माणसं गेली होती आणि मदत वेळेवर पोचली नव्हती. तो राग इस्लामाबादला दिसलाच नव्हता. तरी पुढचं प्रत्येक पाऊल त्यांना शहाणपणाचंच वाटलं. अवामी लीगचे नेते मुजीब यांना सत्ता दिली तर लष्कराच्या पैशावर गदा येणार, म्हणून १ मार्च १९७१ ला नॅशनल असेंब्लीची बैठक पुढे ढकलली. ढाका पेटलं, म्हणून २५ मार्चच्या रात्री सैन्य सोडलं. १६ डिसेंबरला शरणागती, अर्धा देश गेला, आणि २० तारखेला याह्याही गेला.

आपल्याकडचंही विसरू नकोस. आणीबाणीत मी शाळेत होते. आजोबा रात्री आवाज बारीक करून बीबीसी लावायचे, कारण सकाळच्या पेपरात सेन्सॉरने राहू दिलेलंच असायचं. जानेवारी १९७७ मध्ये इंदिराबाईंनी निवडणूक का जाहीर केली यावर अभ्यासक आजही भांडतात. पण जे पेपर आपण वाचू शकत नव्हतो, ते त्याही वाचू शकत नव्हत्या. नसबंदीची टार्गेट्स पुरी होत होती, १९७६-७७ मध्ये आकडा ८० लाखांच्या पुढे गेला. त्या आकड्यामागचा संताप कोणत्या फाइलीत नोंदवणार? मार्चमध्ये उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. रायबरेलीत त्या स्वतः पडल्या. आपल्या ठाण्याने तर येरवड्याच्या तुरुंगात राहून आलेल्या जनता पक्षाच्या रामभाऊ म्हाळगींना लोकसभेत पाठवलं.

आणि काही ठिकाणी हिशेबच सापडत नाही, हेही मान्य कर. ब्रह्मदेशात लष्करशहा ने विन याने १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका दिवसात रद्द केल्या, बदलूनही दिल्या नाहीत, आणि ४५ व ९० च्या नोटा काढल्या. नऊ हा त्याचा शुभ आकडा होता म्हणतात. लोकांची आयुष्यभराची पुंजी बुडाली. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि त्याला पक्षाचं अध्यक्षपद सोडावं लागलं.

तू म्हणशील, काही राजवटी शिकतात. शिकतात. माओचे चटके सोसलेल्यांनीच १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाला दोन मुदतींची मर्यादा घातली होती. २०१८ मध्ये ती काढून टाकली. मला त्या राजवटीची काळजी नाही, तिच्या चुकीच्या हिशेबाखाली जे चिरडले जातील त्यांची आहे. म्हणून 'ते एवढं टोकाला जाणार नाहीत' हे वाक्य प्रबंधात गृहीत धरू नकोस. प्रत्येक राजवटीत वाईट बातमी वर कोण नेतो आणि त्याचं पुढे काय होतं, यावर एक स्वतंत्र प्रकरण लिही. तुझ्या गाइडना विचार, आणि त्यांचं मत वेगळं असेल तर ते का, हे मला नीट कळव.

तुझी,
आई