बातमीतले उंदीर शेवटच्या ओळीत का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'प्रोटीन घटताच कंपवात बरा' ही कालच्या अंकातली बातमी वाचली. बारा ओळींची बातमी. त्यातल्या अकरा ओळी संपेपर्यंत हे सगळं उंदरांच्या मेंदूत घडलंय, याचा पत्ता लागत नाही. तो बाराव्या ओळीत लागतो. माझे यजमान नऊ वर्षं पार्किन्सन्सचे, म्हणजे याच कंपवाताचे, रुग्ण आहेत. पेपर धरून बाराव्या ओळीपर्यंत पोचेतो त्यांचे हात थकतात.

अशीच एक बातमी गेल्या वर्षीही तुम्ही छापली होती. तिच्यामुळे आमच्या घरात काय झालं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

त्या बातमीतही प्रोटीन हा कंपवाताचा 'शत्रू' होता. कुठलं प्रोटीन, कुठे असतं, याचा उल्लेख नाही. यजमान आयुष्यभर हिशेबाचं काम करत आले. गोळ्यांच्या पाच वेळा एका वहीत लिहून ठेवतात. दुपारी मी वही पाहिली तर मुंगीएवढ्या अक्षरात (या आजारात अक्षर बारीक होत जातं) लिहिलं होतं, 'प्रोटीन बंद'. त्या दिवसापासून दूध नाही, डाळी नाहीत, अंडी नाहीत. मी समजावलं, रागावले, रडलेही. तुमच्या बातमीचं कात्रण वहीत होतं आणि माझ्या शब्दापेक्षा छापील शब्दाला वजन जास्त. तीन आठवड्यांत वजन तीन किलो उतरलं. खुर्चीतून उठताना आधी एकदा हात द्यावा लागायचा, तो दोनदा द्यावा लागू लागला.

गोळी आणि जेवण यांचा संबंध आहे, हे मला माहीत आहे. लेव्होडोपा (कंपवाताच्या गोळीतलं मुख्य औषध) आणि अन्नातली प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने आत जातात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. पण बातमीतलं प्रोटीन ते नव्हेच. ते अल्फा-सिन्युक्लिन. ते शरीर स्वतः बनवतं आणि ते तुमच्या-माझ्याही मेंदूत असतं. दोन चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या जागी, म्हणजे सायनॅप्सपाशी, ते निरोपाच्या पिशव्या सोडायला मदत करतं. त्याची घडी बिघडून गुठळ्या होऊ लागल्या की घात होतो. डॉक्टरांनी हे दहा मिनिटांत समजावून सांगितलं आणि दूध पुन्हा सुरू झालं. बातमीत यासाठी दोन ओळी खर्च झाल्या असत्या.

उंदरांबद्दलही एक गोष्ट छापण्यासारखी आहे. काही घराण्यांत पार्किन्सन्स पिढ्यान् पिढ्या येतो. 1997 साली त्यामागचा एक बदल सापडला: या प्रथिनातल्या 140 दुव्यांपैकी 53 वा दुवा बदललेला. माणसाला आजारी पाडणारा तो दुवा उंदरांत निसर्गतःच तसा असतो, आणि उंदीर खुशाल बागडत असतो. म्हणून प्रयोगासाठी त्याला माणसाचं जनुक द्यावं लागतं, नाहीतर एमपीटीपीसारखं विष टोचावं लागतं. तेच विष मोठ्या उंदरांवर, घुशीएवढ्या रॅटवर, फारसं चालत नाही आणि माणसाला मात्र जागच्या जागी थिजवतं. काही दिवसांत विषाने घडवलेलं नुकसान आणि माणसाच्या मेंदूत वर्षानुवर्षं आतल्या आत चाललेली झीज एकच कशी मानायची? उंदरात हे प्रथिन घटून तो सुधारलेला दिसला, तर तो एक धागा हाती लागला. माझा नवरा उद्या बटण लावू शकेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

प्राण्यांवरच्या संशोधनाला माझा विरोध नाही. कसा असेल? 1957 साली आर्विड कार्लसन यांनी रिसरपीन नावाचं औषध देऊन निपचित पाडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा, टोचलं आणि ते ससे उठून हिंडू लागले. यजमान रोज सकाळी उठून बसतात ते त्याच औषधावर. पण सशापासून माणसाच्या गोळीपर्यंत यायला दहा वर्षं लागली, आणि त्या गोळीनेही आजार बरा होत नाही, दिवस सुसह्य होतो. अलीकडे याच अल्फा-सिन्युक्लिनवर रोख धरून केलेली सिनपॅनेमॅब नावाची प्रतिपिंडं उंदरांत आशादायक ठरली होती. माणसांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही म्हणून 2021 मध्ये ते काम थांबवलं. ती बातमी तुमच्या पानावर मी शोधली. सापडली नाही.

आणि ते छायाचित्र! दरवेळी तोच थरथरणारा म्हातारा हात. यजमानांचा हात पहिली दोन वर्षं थरथरलाच नाही. खांदा आखडला, चालताना उजवा हात हलेनासा झाला. 'कंप नाही म्हणजे कंपवात नाही' असं आम्ही सगळे धरून चाललो आणि दीड वर्ष खांदा शेकत बसलो. ते चित्र बदला.

'उंदरांमध्ये' हा एक शब्द मथळ्यात घालायला जागा पुरत नसेल, तर 'बरा' हा शब्द काढा. कालचं कात्रण यजमानांनी पट्टी लावून फाडलंय, कात्री धरवत नाही म्हणून. ते आत्ता वहीत आहे. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून मला बारावी ओळ मोठ्याने वाचायची आहे.

आपली,
एक वाचक