तुझ्या लेकाच्या बातम्या मी पुरवणार नाही

प्रिय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो, मशीनच्या आवाजात धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय. शिवाय फोनवर तू मधेच तोडतोस.

‘पोराकडे जरा बघ आणि काय ते मला कळवत जा,’ असं म्हणालास. पहिलं करीनच. त्याची रूम नाशिकात गंगापूर रोडला, आम्ही इथेच सातपूरला. रविवारी तो जेवायला येतो, येत राहील. दुसरं मात्र जमणार नाही. परवा जेवण झाल्यावर तो बराच वेळ बोलत बसला. काय बोलला ते तुला सांगणार नाही. घाबरू नकोस. जिवाचं किंवा तब्येतीचं काही असतं तर तेव्हाच तुला फोन केला असता, आणि तसं मी त्यालाही सांगून ठेवलंय.

तुझं म्हणणं, बापाला सगळं ठाऊक असलं की पोरगं बिघडत नाही. अभ्यासकही बरीच वर्षं असंच धरून चालले होते. मग २००० साली हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास छापला. त्यांचा प्रश्न साधा होता: आईबापांना जे ठाऊक असतं ते कळतं कुठून? चौकशा करून, नियम लावून फारसं कळत नव्हतं. बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली होती. आता तू माझ्याकडून बातम्या काढल्यास तर तुला बातम्या मिळतील, पण त्याचं सांगणं मिळणार नाही. आणि मी फोडतोय हे कळलं की इथलंही बंद.

पोरगं सांगतं की नाही, हे मागच्या वेळी सांगितलं तेव्हा काय झालं त्यावर असतं. फिजिक्सच्या टेस्टला मार्क कमी पडले हे त्याने स्वतःच सांगितलं, तर तू ‘बागेवर कर्ज काढून शिकवतोय तुला’ म्हणालास. (हे त्याने नाही, वहिनींनी सांगितलं.) ब्रायन बार्बर या अभ्यासकाने १९९६ साली वागण्यावरचा ताबा आणि मनावरचा ताबा वेगळे करून दाखवले. ‘रात्री दहाच्या आत रूमवर’ हा वागण्यावरचा. तो असावाच, अजिबात नसला की पोरं वाह्यात होण्याची शक्यता वाढते. कर्जाची आठवण, अबोला, ‘आईला काय वाटेल याचा विचार कर’ हा मनावरचा, आणि तो असतो तिथे पोरं उदास, खचलेली आढळतात. तुझ्या घरी पहिला ढिला आणि दुसरा घट्ट आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

आणखी एक. आर्म्सडेन आणि ग्रीनबर्ग यांनी १९८७ साली या वयातल्या मुलांसाठी एक प्रश्नावली केली. आईबापांशी नातं कसं आहे ते तिच्यात तीन गोष्टींवर बघतात: विश्वास, बोलणं आणि दुरावा. रोज किती फोन झाले हे काही त्यात विचारत नाहीत! तुझे तीन होतात. तेही स्पीकरवर: आजी, वहिनी, धाकटी, तू, सगळे एकदम. जेवलास का, टेस्ट कधी, किती पडले. तो ‘हो, ठीक’ म्हणणार नाही तर काय?

शिकागोच्या उपनगरांतल्या मुलांचा रीड लार्सनने अभ्यास केला होता, तोही १९९६चाच. पाचवी ते बारावीपर्यंत जागेपणीचा घरच्यांबरोबरचा वेळ ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. पण एकट्या आईबरोबर किंवा एकट्या बापाबरोबरचा वेळ तसा घटला नाही. अमेरिकेतलं आहे, मान्य; आपल्याकडे एकत्र कुटुंबात आकडे निराळे निघतील. तरी मला ते पटतं. आमची लेक घरात समोर बसवली की गप्प, आणि क्लासवरून परत येताना गाडीवर मागे बसली की एबीबी सर्कल यायच्या आत तिचं निम्मं कॉलेज सांगून झालेलं असतं. मी फक्त ‘मग?’ एवढंच म्हणतो.

तुझ्याकडे तर द्राक्षबाग आहे. दिवाळीला तो आला की फेलफुटी, म्हणजे वेलीवरच्या नको त्या फुटी, काढायला त्याला बरोबर घे. दोघंच. मार्कांचा विषय काढू नकोस, त्याने काढला तर ऐक. एखादी ओळ कशी करायची ते त्यालाच ठरवू दे. चार काड्या चुकल्या तरी तुझा माल काही जाणार नाही.

आणि पहाटे साडेपाचचा फोन बंद कर. वयात आल्यावर झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलतं. त्याला रात्री लवकर झोप येत नाही, त्यात आळस नाही. रात्री नवाच्या सुमाराला तो मोकळा असतो. स्पीकर न लावता, शेडवर जाऊन बोल. आज खोलीतल्या पोरांनी काय जेवण केलं होतं ते विचार, त्यावर तो खूप बोलतो. एवढं सांगायची त्याची परवानगी घेतलीय.

वहिनींनी दिलेलं लोणचं पोचलं. बरणी त्याच्याबरोबरच पाठवतो.

तुझा,
सातपूरकर