स्टेशनावरचा लिंब कोणत्या बाजूला होता?

पुणे,
आषाढी एकादशीचा दुसरा दिवस

प्रिय मित्र विनायक यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर होण्याचे कारण म्हणजे माझा आणि आईचा चाललेला एक वाद, आणि तो तुझ्या साक्षीशिवाय मिटेल असे दिसत नाही. बार्शी टाउन स्टेशनाच्या फलाटावरचा तो मोठा लिंब तिकीटखिडकीच्या कुर्डुवाडीकडच्या अंगाला होता की लातूरकडच्या? आई लातूरकडे म्हणते. माझ्या डोळ्यांसमोर तो कुर्डुवाडीकडे उभा आहे. माझ्याजवळच्या एकुलत्या एका छायाचित्रात झाडाची सावली आली आहे, झाड आलेले नाही. आणि ते छायाचित्र सकाळचे की संध्याकाळचे हे कळायला मार्ग नसल्यामुळे सावलीवरूनही निवाडा होत नाही. आपण दोघे शाळेच्या सुटीत ज्या झाडाखाली गाडीची वाट पाहत बसायचो, त्याची बाजू आज ठरवता येऊ नये याचे मला फार वाईट वाटते.

मागील खोलीत मी बार्शी लाइटची, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीच्या आपल्या जुन्या छोट्या रेल्वेची, लहान प्रतिकृती बसवतो आहे, हे तुला ठाऊक आहे. फळी अकरा फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे आणि प्रमाण १:८७ चे आहे. या प्रमाणात माझी अकरा फुटांची फळी म्हणजे खरी जागा जेमतेम २९२ मीटर होते. कुर्डुवाडी ते बार्शी हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर त्याच हिशेबाने मांडायचे झाले, तर ३९० मीटर लांबीची खोली लागेल. तेव्हा काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे पहिल्या दिवसापासून ठरवावे लागले. मी कुर्डुवाडीच्या फलाटाचे एक टोक, मधला एक पूल, थोडे ज्वारीचे रान आणि बार्शीचे स्टेशन एवढेच ठेवले. मधले शेंद्री स्टेशन सोडताना जिवावर आले, पण सोडले.

छंदाची सुरुवात मीही सर्वांसारखी मोठ्या गाड्यांपासूनच केली होती. कोथरूडमधले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले, तेथे धाकटीला घेऊन गेलो आणि तिच्यापेक्षा मीच जास्त वेळ काचेला नाक लावून उभा राहिलो. घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा एक अडचण लक्षात आली. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले की १९.३ येते. परंतु या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून ठरलेले आहेत. त्यामुळे आपल्याकडचा डबा त्या रुळांवर ठेवला की अंगाच्या मानाने पाय बारीक वाटतात आणि एकदा ते दिसू लागले की दुसरे काही दिसत नाही. दोन वर्षे मी ते सहन केले. मग एका रात्री सहज बार्शी लाइटचा अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, हा आकडा ८७ ने भागून पाहिला आणि उत्तर ८.७६ आले. नऊ मिलिमीटरचे रूळ, जे मुळात १:१६० या आणखी लहान प्रमाणासाठी तयार होतात, ते तर सर्वत्र मिळतात! पाव मिलिमीटरचा फरक माझ्या डोळ्यांना जाणवत नाही. आपल्या गावची गाडी, जिला लोक हळू म्हणून हसत असत, तीच या छंदात सर्वांत खरी उतरते, हे कळले त्या रात्री मला झोप आली नाही.

काम मात्र त्याने सोपे झाले नाही. त्या रुळांचे स्लीपर आपल्या मापाला लहान आणि फार दाट पडतात. ते एकेक कापून काढावे लागतात आणि नवे, लांब स्लीपर विरळ घालावे लागतात. पहिल्या चार फुटांना दोन महिने लागले. खडीसाठी मी बारीक चाळलेली वाळू वापरली आणि शेतातली काळी माती म्हणून उकळून वाळवलेली चहाची पत्ती पसरली. ती आपल्या भागातल्या मातीच्या इतकी जवळ जाते की पाहुणे हात लावून पाहतात. गेल्या वर्षी मे महिन्यात रुळांचा एक तुकडा सापासारखा वाकला, कारण सांध्यांत फट ठेवायची हे मी विसरलो होतो. फिशप्लेटपाशी, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीपाशी, मोकळी जागा का सोडतात हे शाळेच्या पुस्तकात वाचले होते, पण ते मला खरे समजले त्या दुपारी. आता अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवतो. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरते, म्हणून खालच्या बाजूलाही रंगाचे दोन हात दिले आहेत. मालडब्यांवरच्या ताडपत्र्या सौ.ने जुन्या मलमलच्या साडीतून कापून, पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून, घड्या पाडून दिल्या. तिच्या हाताची सफाई माझ्या हातात नाही.

वेगाचेही सांगतो, कारण पाहायला येणारा प्रत्येक जण गाडी जोरात सोडायला सांगतो. आपली गाडी तासाला २४ किलोमीटर जात असे असे धरले, तर फळीवर तिने सेकंदाला साडेसात-पावणेआठ सेंटिमीटर जायला हवे, म्हणजे अकरा फुटांना जवळजवळ पाऊण मिनिट. एवढ्या हळू चालवायची तर चाके आणि रूळ आरशासारखे स्वच्छ लागतात, नाहीतर इंजिन अडखळते. म्हणून रोज रात्री जेवणानंतर आधी दहा मिनिटे रूळ पुसायचे आणि मग गाडी सोडायची, असा नेम झाला आहे. बँकेत असताना घरी येऊनही डोक्यात दिवसाचे हिशेब चालू राहत. ते निवृत्तीनेसुद्धा थांबले नव्हते. ते या पाऊण मिनिटाने थांबवले.

इंजिन तयार करताना एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा विचार मला नीट कळला. १८९७ साली त्याने ही लाइन उघडली तेव्हा रूळ होते यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. आज ब्रॉडगेजचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो. एवढ्या हलक्या रुळावर जड गाडी चालवायची, तर कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, हे त्याने इंजिनापासून मालडब्यापर्यंत सर्वांना सारखेच लागू केले. इंजिनाला ओढण्याची ताकद तर हवी; मग वजन वाटून देण्यासाठी जोडलेली चाके आठ करावी लागली. माझ्या छोट्या इंजिनाचीही आठ चाके वळणावर अडकू लागली, तेव्हा मधल्या चाकांची कड कानशीने उतरवली आणि तो पाच टनांचा नियम हाताला समजला. त्याचे डबेही लांब, बोगीवरचे. २५ फुटांचा डबा माझ्या फळीवर पावणेनऊ सेंटिमीटरचा होतो.

काल एकादशी. १९०६ साली लाइन पंढरपूरला पोहोचल्यापासून यात्रेच्या दिवसांत मालडबेसुद्धा माणसांनी भरून जात, हे आपल्या दोघांच्याही घरी ऐकलेले. आई सात वर्षांची असताना तिच्या आजोबांबरोबर अशाच एका डब्यातून गेली होती. पाऊस आला तेव्हा सर्वांनी मिळून एक ताडपत्री डोक्यावर धरली आणि खाली अंधारात अभंग चालू राहिला, असे ती सांगते. त्यासाठी मी वारकरी केले आहेत. तयार पुतळे मिळतात ते कोट-टोपी घातलेले, म्हणून तारेच्या सांगाड्यावर पातळ कागदाची धोतरे आणि लुगडी नेसवली. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात १९ मिलिमीटरचा होतो. ब्रॉडगेजची रुंदीही साडेपाच फूटच, हे मला तेव्हा प्रथम सुचले. काल संध्याकाळी चार डबे भरून गाडी सोडली. आईने खुर्ची पुढे ओढली, पूर्ण फेरी पाहिली आणि म्हणाली, "बायका एका बाजूला बसायच्या, अशा मिसळून नाही." आज सकाळपासून मी बायकांना हलवतो आहे.

या छंदाने माझा प्रवासही बदलला. पूर्वी सोलापूरला जाताना दौंड गेले की मी डोळे मिटत असे. आता मुद्दाम कुर्डुवाडीला उतरतो, एस.टी.ने बार्शीला जातो, पुढे पांगरी-येडशीपर्यंत जातो आणि जेथे जुन्या लाइनची मोरी किंवा दगडी कठडा दिसेल तेथे टेप काढतो. उस्मानाबादला (आताच्या धाराशिवला) छोटी गाडी कधी गेलीच नव्हती. मोठी लाइन करताना मार्ग तिकडे वळवला, त्यामुळे त्या बाजूला जुन्या भरावाचे तुकडे रानात तसेच राहिले. एका शेतकऱ्याने भरावावर तूर लावली होती. काय मोजता, असे त्याने विचारले आणि मी सांगितल्यावर टेपचे दुसरे टोक त्यानेच धरले. घडीव दगडाची लांबी-रुंदी मोजली की तो कोणी आणि कसा उचलला असेल हा प्रश्न आपोआप पडतो. नुसते पाहून मला तो कधी पडला नव्हता.

छोटी लाइन बंद झाली याचे दुःख मला आहे, आणि ते मी लपवत नाही. तरी ती तशीच राहायला हवी होती असे म्हणवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी आपल्याच जुन्या वाटेने गेली. एकेका वाघिणीत ५०,००० लिटर, म्हणजे नुसते पाणीच ५० टन. कॅल्थ्रॉपच्या चार आसांच्या डब्याचे भरल्या मालासकट वजन २० टनांवर जाऊ शकत नव्हते. त्या दिवशी दूरदर्शनवर ती गाडी पाहताना रूळ बदलले ते बरे झाले, असे मी मोठ्याने म्हणालो आणि नंतर मागील खोलीत जाऊन बराच वेळ बसून राहिलो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ऑगस्टच्या सुटीत कोठे जावे, असे तू विचारतोस. तू तीस वर्षे लीड्समध्ये राहतोस, आणि आपल्या लाइनची पहिली इंजिने त्याच गावात हन्स्लेट भागातल्या किट्सनच्या कारखान्यात तयार झाली. कारखाना १९३८ मध्ये बंद पडला, त्यामुळे तेथे पाहण्यासारखे फार उरले नसेल. पण स्टॅफर्डशरमध्ये हल्म एंड नावाचे एक खेडे आहे, तेथे तू अवश्य जा. बार्शीच्या अनुभवावर कॅल्थ्रॉपने तेथे मॅनिफोल्ड खोऱ्यात अगदी तशीच अडीच फुटी लाइन बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. दोनच इंजिने होती, दोन्ही किट्सनची, आणि त्यांतल्या एकाला त्याचेच नाव दिलेले होते. डब्यांच्या टोकांना आपल्याकडच्यासारखे उघडे सज्जे होते आणि रंग फिकट पिवळा होता. इंग्लंडच्या थंडीत ते डबे कसे वाटले असतील याची मी कल्पना करत असतो. १९३४ मध्ये ती बंद झाली आणि १९३७ पासून तिच्या मार्गावर पायवाट आहे, हल्म एंडपासून वॉटरहाउसेसपर्यंत सुमारे १३ किलोमीटर. वाटेत स्वेन्सलीचा बोगदा लागतो.

तेथे माझी दोन कामे कर. बोगद्याची तळाशी रुंदी आणि मधोमध उंची मोजून घे.  आणि हल्म एंडची तिकीटकचेरी अजून उभी आहे, तिचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्र घे, शेजारी वहिनींना उभे कर, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. वहिनींची उंचीही कळव.

आणि लिंबाचे आठव. एकदा तू गाडीतून उतरताना तुझी चप्पल फलाट आणि डबा यांच्यामध्ये पडली होती आणि ती काढायला हमाल लिंबाच्या पारावरून उठून आला होता. तो इंजिनाच्या बाजूने आला की गार्डाच्या? आपण कुर्डुवाडीहून परत येत होतो, एवढे मला पक्के आठवते. इंजिन पुढे, म्हणजे लातूरकडच्या तोंडाला असणार. तो इंजिनाकडून आला असेल, तर आई जिंकली. तुझे उत्तर येईपर्यंत झाड टेबलाच्या खणात ठेवले आहे आणि फलाटावर दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडून ठेवले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईचे तुला अनेक आशीर्वाद. तू खरे तेच सांगशील असे तिने मुद्दाम लिहायला सांगितले आहे. कळावे, लोभ असावा.

तुझा,
सदानंद