दारू सोड, पण एकट्याने नको

डिचोली, रविवार, संध्याकाळचे पाच

चि. मंगेश यास,
अनेक आशीर्वाद.

फोन बंद ठेवलायस म्हणून हे पत्र. उमेश दुकान बंद करून सहाला निघेल, वास्कोला पोचेपर्यंत साडेसात होतील. आज तो तुझ्याकडेच झोपणार आहे, त्याला दारातून परत पाठवू नकोस. बाबांना एकटं टाकता येत नाही, नाहीतर मीच आले असते.

दुपारी उंबरठ्यावरून ओरडलास, "आजपासून बंद, एक थेंब घेणार नाही!" हेच ऐकायला मी किती नवस बोलले, आणि ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला. रागाच्या भरात सोडू नकोस. म्हणजे सोड, जरूर सोड, पण खोलीचं दार लावून एकट्याने नको.

नीट वाच. दारू मेंदूला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीला तोंड द्यायला स्वतःला सतत चेतवून ठेवतो. दारू अचानक थांबली की सुस्ती जाते, चेतवलेपण तसंच राहतं. म्हणून घाम, धडधड, मळमळ, हातांचा थरकाप. हे सहा-आठ तासांत सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणसं यात दगावतात. तुझा शेवटचा ग्लास काल रात्री दहाचा. म्हणजे १९ तास झाले.

"मी काही बेवडा नाही" हेही ऐकलं. हिशेब करू. क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. वर ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिली, ते ४१. रोजचे १०२ ग्रॅम. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निकालात काढतं. सकाळी सातला वेर्ण्याला जायला बाइकवर बसतोस तेव्हाही रक्तात उरलेली असते. आणि फेणी काजूची म्हणून औषधी, हे आजोबांचं पालुपद तू तरी चालवू नकोस. तिच्यातही ४२ टक्क्यांच्या आसपास तेच अल्कोहोल.

रिपोर्ट तुझ्या बॅगेतून काढून वाचला, ते चुकलंच माझं. "घरातसुद्धा लॅबच चालवतेस" म्हणालास, खरं आहे. पण यकृताच्या तपासणीत जीजीटी १८६, एसजीओटी ११२, एसजीपीटी ५१. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून वर गेलं की बोट दारूकडे जातं. तरी मला रिपोर्ट लागला नव्हता. यंदा चवथीला सकाळी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना आंबाड्यांचा घोस तुझ्या हातून दोनदा सुटला. दुपारी मागच्या दारी जाऊन बिअर घेऊन आलास आणि हात स्थिर. तेव्हाच कळलं. सातवीत होतास तेव्हा अख्खी माटोळी एकट्याने बांधलीस, बाबा खालून नुसते दोर देत होते, शेजारपाजारची माणसं बघायला आली होती. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझ्या मंगेशने केलं म्हणून.

कुठे वाहवत गेले. आजचं बघ.

थरकाप वाढला, उलट्या किंवा भास सुरू झाले, तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. फिट आली तर १०८. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही. उमेशकडून पाठ करून घेतलंय. तसं काही नसेल तर उद्या सकाळी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी इस्पितळात. रोज किती आणि शेवटची कधी, हे तिथे खरं सांग, मला खोटं सांगितलंस तरी चालेल. फिट टाळायला काही दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या देतात. त्या गोळ्या कुणा मित्राच्या सल्ल्याने केमिस्टकडून आणायच्या नाहीत, आणि त्यांच्यावर दारू तर मुळीच नाही, श्वास मंदावून थांबू शकतो. थायमिनचं, म्हणजे बी-१चं, इंजेक्शन विचारून घे. सलाइनमधून ग्लुकोज देणार असतील तर त्याच्या आधी. थायमिनचा साठा संपलेला असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोकं दुखतं म्हणून पॅरासिटामॉलवर पॅरासिटामॉल घेऊ नकोस.

हे लिहिताना हात अडतोय. डॉक्टरांपर्यंत पोचायला उशीर लागणार असेल आणि थरकाप वाढत असेल, तर थोडी घे. नेहमीपेक्षा कमी, पण घे. मी लिहितेय हे, मी! एकदम तोडण्यापेक्षा ते बरं.

शकूमावशी सांगते तशी आमटीत गुपचूप गोळी मी कधी घालणार नाही. ती डायसल्फिराम, दारूशी रिअ‍ॅक्शन होणारी. न सांगता दिली आणि वर माणूस प्यायला, तर जीवावर बेतू शकतं. पुढे ती घ्यायची की दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ते तू आणि डॉक्टर ठरवा.

सोडलीस तर चरबी धरलेलं यकृत काही आठवड्यांत सुधारायला लागतं, जीजीटी दोन-तीन आठवड्यांत निम्म्याच्या आसपास येतं, रक्तदाब उतरतो. झोप मात्र आधी बिघडेल. "घेत होतो तेव्हा बरा झोपायचो" असं वाटेल, आणि तिथेच पुष्कळजण परत बाटलीकडे जातात. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोकाही घटतो, त्याला वर्षं लागतात. यकृत व्रणांनी कडक झालं की मात्र पहिल्यासारखं होत नाही. तू अजून तिथे नसशील. सोनोग्राफी करून घे.

पुन्हा लेक्चर झालं, राग मानू नकोस. पण एकट्याने नको, एवढं ऐक.

उमेशने गाडी दाराशी लावली. डब्यात खतखतं आणि भात आहे, दोघांना पुरेल. फोन चालू कर. मी बाराला करीन, मग तीनला. नुसतं "हां" म्हटलंस तरी पुरे.

तुझी आई