प्रशिक्षक आधी भट्टीपाशी येऊ देत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापना 4 मार्च 1966 ची, म्हणून तो दिवस सुरक्षा दिन. तो जवळ आला की आमच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षण संस्थांच्या ई-मेलची रीघ लागते. ‘एक दिवसाचं सेफ्टी ट्रेनिंग, प्रमाणपत्र, फोटो व रिपोर्टसह’, खाली दर आणि ‘अधिक 18 टक्के जीएसटी’. मी इथल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मनुष्यबळ विभाग सांभाळते, त्यामुळे ही कोटेशनं माझ्याच टेबलावर येतात. तीन मागवा आणि सगळ्यात स्वस्त निवडा, हा खरेदी विभागाचा शिरस्ता नटबोल्टला ठीक आहे. प्रशिक्षणालाही तोच लावला की काय होतं, ते आम्ही अनुभवलं आहे.

अशाच एका स्वस्त संस्थेचे प्रशिक्षक आले होते. बोलायला फर्डे. स्लाइड मात्र इंग्रजीत आणि चित्रं एसी ऑफिसातली: लिफ्ट वापरू नका, जिन्याने उतरा. आमच्याकडे लिफ्टच नाही. समोर बसलेल्यांत बरेचजण बिहार-ओडिशाचे, काहींना रात्रपाळी संपल्या संपल्या तसंच बसवलेलं. मागच्या रांगेत माना पडत होत्या. दुपारी अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून सिलिंडरने विझवून दाखवलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. वितळलेल्या लोखंडाचा आणि पाण्याचा संबंध आला तर काय होतं, यावर दिवसभरात चकार शब्द नाही. आमचे जुने मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारे, जाता जाता म्हणाले, “मॅडम, ह्या सायबांनी भट्टी कधी बघितलीया काय?”

फाउंड्रीत नसलेल्या वाचकांसाठी सांगते. साच्यात ओतताना लोखंडाचा रस 1400 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1700 पट जागा मागते. त्यामुळे रसाखाली घोटभर पाणी अडकलं तरी सगळा रस उसळून माणसाच्या अंगावर येऊ शकतो. कोल्हापूरच्या पावसात स्क्रॅप यार्डात भिजत पडलेलं असतं. तोंड चेपलेल्या पाइपच्या तुकड्यात पाणी साठलेलं बाहेरून दिसत नाही, आणि तो तसाच भट्टीत गेला की धडाका. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, नीट तापवून कोरडं केलं नाही तरी तेच. ओतणाऱ्याची पँट बुटावरून बाहेर हवी, आत खोचली तर उडालेला थेंब सरळ बुटात उतरतो. बूटही लेसचा नको, एका झटक्यात पाय बाहेर निघाला पाहिजे. अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो. आमच्या माणसांना हे शिकायचं होतं, आणि आम्ही पैसे मोजले लिफ्टच्या स्लाइडला.

तेव्हापासून कोटेशनच्या आधी मी एकच गोष्ट मागते: या, शॉप फ्लोअरवर फिरा, त्या अर्ध्या दिवसाचे पैसे वेगळे घ्या. बहुतेकांचा फोन इथेच गार पडतो. एक गृहस्थ आले, स्वतः ओतकामात आयुष्य घालवलेले. आधी स्क्रॅप यार्डात गेले. मग विचारलं, लाइट गेली तर विजेवरच्या इंडक्शन भट्टीची कॉइल थंड ठेवणारं पाणी कुठून येतं? भाजलेल्या माणसाचा हात कुठल्या नळाखाली धरणार, आणि तिथे पाणी असतं का? तो नळ उघडूनही पाहिला. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या, लोकांसाठी मास्कचं सत्र घ्या म्हटल्यावर मात्र त्यांनी नकार दिला. “वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. आधी धूळ ओढणारी यंत्रणा दुरुस्त करा, मग मास्कचं बोलू.” पदरात पडणारं काम कुणी असं नाकारलं की माझा विश्वास बसतो. बाकीच्यांच्या यादीत प्रत्येक दुखण्यावर एक कोर्स तयार असतो.

त्यांचा दर स्वस्त संस्थेपेक्षा बराच जास्त होता. मालकांना पटवायला वेळ लागला. त्यांनी हिंदीत, भट्टीपाशीच, पाळीनिहाय छोट्या तुकड्या घेऊन शिकवलं, आणि ठेकेदाराच्या कामगारांना आधी बसवलं. हे मुद्दाम लिहिते, कारण ओतायला बहुधा तेच असतात आणि हजेरीपटावरून नेमके तेच सुटतात.

आणखी एक फसवणूक सर्रास चालते. प्रोफाइल पाठवतात तीस वर्षांच्या अनुभवाची, आणि येतो कालपरवा लागलेला मुलगा. त्या मुलाचा दोष नाही, पण शिकवणार कोण, हे ऑर्डरवर नावानिशी लिहून घ्यावं.

शेवटी भरून घेतात त्या फॉर्मवरही जाऊ नये. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने 1959 मध्येच प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, कळलं का, वागण्यात आलं का, परिणाम दिसला का. आपला फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो, आणि जेवण चांगलं असेल तर तिथे सगळेच पास. आयएसओ 9001 हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानकसुद्धा प्रशिक्षणाचा उपयोग झाला का ते तपासायला सांगतं. ऑडिटर मात्र सह्या मोजून पुढे जातात. आम्ही महिन्याभराने ओतताना उभं राहून बघतो. पँट बऱ्याच जणांची बाहेर आली. पॉलिस्टर काही जाईना. कारण साधं होतं, ते स्वस्त पडतं. शेवटी कंपनीने सुती गणवेश दिले तेव्हा गेलं.

छोट्या युनिटला एवढी चौकशी एकट्याने परवडत नाही. म्हणून ‘स्मॅक’ आणि ‘गोशिमा’ या इथल्या उद्योजकांच्या संघटनांना आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर शाखेला विनंती आहे. कोणता प्रशिक्षक आला, आधी कारखाना पाहिला का, कोणत्या भाषेत शिकवलं, महिन्याने काय दिसलं, याची एक नोंदवही सभासदांसाठी उघडावी. शेजारच्या चार युनिटनी मिळून एक चांगला माणूस बोलावला तर खर्चही वाटला जाईल. पाऊस सुरू व्हायच्या आत, मे महिन्यात हे झालं तर उत्तम. पहिल्या नोंदी आमच्या कंपनीकडून द्यायला मी तयार आहे, लिफ्टच्या स्लाइडवाल्यांची धरून.

आपली,
एक मनुष्यबळ अधिकारी,
शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर