'एमपीपीटी'चं लेबल लावून दिलेल्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमची सोलर यंत्रणा आमच्या मिशन केंद्रात आणि तिथल्या दवाखान्यात बसवून आठ महिने झाले. 330 वॉटची दोन पॅनल, 150 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि वर ठळक अक्षरांत 'एमपीपीटी' (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) छापलेला चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत भरणारा डबा. कोटेशनमध्ये आणि बिलातही एमपीपीटीच लिहिलंय. प्रत्यक्षात तो साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनलचा जास्तीचा व्होल्टेज वाया घालवणारा प्रकार निघाला.

हे अंदाजानं म्हणत नाही. लख्ख ऊन असताना, भर दुपारी, सगळा लोड बंद करून मी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. पॅनलकडून येणाऱ्या वायरीवर 16 अँपिअर, बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीवरही 16. पॅनलचा व्होल्टेज 13.6, बॅटरीचा 13.4. या पॅनलच्या मागच्या स्टिकरवर काम करतानाचा व्होल्टेज 37 च्या पुढे आहे. खरा एमपीपीटी तो जास्तीचा व्होल्टेज खाली आणून करंट वाढवतो, म्हणजे बॅटरीकडे 35-40 अँपिअर जायला हवे होते. तुमचा डबा पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून बसवतो. 660 वॉट विकत घेऊन आम्ही जेमतेम 215 वापरतोय.

बॅटऱ्यांची वाट त्यातूनच लागली. लेड-अ‍ॅसिड बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत जाऊन नीट भरली नाही, की प्लेटींवर सल्फेट चढतं. आमच्या बॅटऱ्यांनी तो आकडा क्वचितच पाहिला. आता लोड नसतानाही सकाळी 11.9 व्होल्टच दिसतात, म्हणजे जवळपास रिकाम्या.

गेल्या आठवड्यात रात्री प्रसूती चालू होती. इन्व्हर्टर टूं-टूं करून बंद पडला. सिस्टरनी मोबाइलचा टॉर्च दातांत धरून नाळ बांधली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, ही देवाची कृपा. त्यात तुमच्या यंत्रणेचा वाटा नाही. सकाळी फ्रिजचं थर्मामीटर 14 अंश दाखवत होतं. लसी आणि ऑक्सिटोसिन (बाळंतपणात रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन) 2 ते 8 अंशांत ठेवावे लागतात. त्या साठ्याचं काय झालं हे सांगायला नको.

गंमत म्हणजे, वाचता न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे ध्वनी-बायबलचा एक प्लेअर आहे. पाठीवर तळहाताएवढं पॅनल. वस्त्या-वस्त्यांतून फिरून धुळीनं माखलाय, तरी रोज संध्याकाळी शुभवर्तमान ऐकवतो. शेजारी छपरावर तुमचे 660 वॉट नुसते चमकतात.

तुमच्या ग्राहक सेवेकडून तीन उत्तरं मिळाली. पहिलं: अ‍ॅपवरून फोटो टाका. इथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तरी चढून टाकले. दुसरं: बॅटऱ्या जादा वापरानं गेल्या, म्हणून वॉरंटीत बसत नाहीत. तिसरं मात्र मी वहीत लिहून ठेवलंय. "प्रार्थना रविवारीच असते ना, मग एवढी वीज लागते कशाला?" साहेब, दवाखाना रविवार बघून चालत नाही. आणि लोड किती, हे ऑर्डर देतानाच तक्त्यात भरून दिलं होतं. तुमच्याच माणसानं त्यावरून पॅनल ठरवली. जादा वापर झाला तो कुठे?

आम्हाला खरा एमपीपीटी कंट्रोलर आणि दोन नव्या बॅटऱ्या विनामूल्य हव्यात. जुना कंट्रोलर परत करू, पण नवा हातात पडल्यावर. तोवर हाच धकवायचा आहे. फिटिंगला माणूस पाठवला नाहीत तरी चालेल. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, एवढं आम्हाला कळतं. सामान गाडीरस्ता संपतो तिथपर्यंत पोचवा. पुढचं आम्ही खांद्यावरून नेऊ, पॅनलही तशीच नेली होती.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहे. बिल, कोटेशन, लोडचा तक्ता आणि मीटरचे फोटो सोबत जोडले आहेत. कंट्रोलरचं झाकण उघडलेलं नाही, सील शाबूत आहे. नंतर तेही कारण सांगाल म्हणून आधीच लिहितो.

कळावे,

आपला,
व्यवस्थापक, मिशन केंद्र व दवाखाना